तडा गेलेली दाढ आणि तिच्यावरील टोपी

व्याख्यानमालेच्या चालकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांच्यापैकी एकाने पुन्हा विचारून घेतले, "संप, बोनस, किमान वेतन यांपैकी काही नाही? खरोखर दाढेवर बोलणार?" खरोखर दाढेवरच. मी दंतवैद्य नाही. माझे शिक्षण थोडे शाळेत, बरेचसे कारखान्याच्या दारात आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु कामगारांच्या तक्रारी ऐकण्यात तीस वर्षे गेली. त्यांत दाढेची एक विशिष्ट तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आणि तिचा शेवट इतक्या वेळा एकाच तऱ्हेने झालेला पाहिला, की हा विषय समजून घेणे मला भाग पडले. जाणत्या दंतवैद्यांना विचारून आणि पुस्तकांशी पडताळून जे समजले ते येथे मांडीत आहे.

कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेतील मोल्डरची हकीकत प्रथम सांगतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने धडधाकट, आणि दात असे की त्यांचा त्याला अभिमान वाटावा. कीड म्हणून कोठे नाही. जेवताना उजव्या बाजूने चावले की एकाएकी विजेचा झटका बसावा तशी कळ येई आणि दुसऱ्या क्षणी काही नाही. तीही दर घासाला नाही. भाकरी, भात, आमटी यांना काही होत नसे. पण फुटाणा किंवा शेंगदाणा नेमका एका जागी सापडला की कळ उठलीच. आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्याने सांगितली. दाबताना फारसे दुखत नाही, दाब सोडताना दुखते. थंड पाणीही झोंबू लागले होते. मात्र दुखते ती दाढ वरची की खालची, हे त्याला सांगता येईना.

तो एका दवाखान्यात गेला. क्ष-किरणाचे चित्र काढले, ते स्वच्छ निघाले. दुखणे थांबवण्याच्या गोळ्या मिळाल्या. चार-पाच महिने असे गेल्यावर त्याने दुसरीकडे जाऊन हट्टच धरला की, "काढून टाका एकदाची." वरची दाढ काढली. आठवड्याने तो युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "अण्णा, दाढ गेली आणि दुखणं राहिलं." पुढे एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खात असताना तोंडात कट् असा आवाज झाला आणि खालची दाढ मधोमध दुभंगली, अर्धा भाग हिरडीच्या आधाराने हलत राहिला. तीही काढावी लागली. म्हणजे एका दुखण्यापायी दोन दाढा गेल्या. त्यांतली एक निरोगी होती. दुसरी वेळीच ओळखली असती तर वाचण्याजोगी होती.

हा माणूस आयुष्यभर लोखंडाचे ओतीव काम करीत आला. कास्टिंगला हातोडीने हलके ठोकून, नादावरून आतला तडा ओळखणारी ही माणसे. त्याच्याच तोंडातला तडा मात्र कोणाला ऐकू आला नाही.

दाताला तडा कसा जातो हे कळण्यासाठी दाताची घडण थोडी पाहिली पाहिजे. वरून दिसणारे पांढरे आवरण म्हणजे इनॅमल. मनुष्याच्या शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. वजनाने पाहिले तर शंभरातील सुमारे ९६ भाग त्यात खनिजच असते. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर भरते. पण जे अतिशय कठीण ते बहुधा ठिसूळही असते. बीड आणि पोलाद यांतला फरक ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको. या इनॅमलखाली डेंटिन नावाचा थर असतो. त्यात खनिज सुमारे ७० टक्के. बाकी सेंद्रिय तंतू आणि पाणी. त्यामुळे तो किंचित लवतो आणि वरच्या ठिसूळ कवचाला आधार देतो. अगदी आत गाभा. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू.

हाड मोडले तर ते सांधते, कारण हाडात जिवंत पेशी आहेत. इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच आपले काम संपवून नाहीशा होतात. म्हणून इनॅमलला गेलेला तडा सांधत नाही. डेंटिनच्या आतल्या बाजूने थोडा नवा थर चढू शकतो, परंतु त्याने भेग जुळत नाही. या व्याख्यानात एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ही ठेवावी: तडा एकदा गेला की तो आहे तितकाच राहतो किंवा वाढतो. दुखणे थांबले म्हणून तो बरा झाला असे होत नाही.

मग मोल्डरने काही दगड तर फोडला नव्हता, असे तुम्ही विचाराल. कधी कधी भातातला एखादा खडा एका घावात काम करून जातो हे खरे. परंतु बहुतेक तडे एका घावाने पडत नाहीत. आगगाड्या सुरू झाल्यानंतर असाच एक अनुभव इंजिनियरांना आला. चाकांचे आस, ज्यांच्या क्षमतेहून अधिक भार कधी पडला नव्हता असे, वर्षांनुवर्षे नीट चालून एके दिवशी मोडून पडत. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणारी गाडी इंजिनाचा आस तुटून घसरली आणि पुष्कळ माणसे जळून मेली. पुढे जर्मनीतील व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनियराने प्रयोग करून दाखवले की, एकदा दिला तर सहज सोसता येईल असा भार लाखो वेळा पडला तर त्यानेही लोखंड तुटते. आधी एक बारीक भेग, मग प्रत्येक फेऱ्यात ती केसभर पुढे, आणि शेवटी उरलेल्या भागाला भार झेपेना की मोड. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

दाताचेही तसेच. मागच्या दाढेवर मोठा माणूस जोर लावून चावतो तेव्हा पन्नास-साठ किलोंपर्यंत भार सहज येऊ शकतो. दिवसातून असे कितीतरी दाब, आणि वर्षे तीस-चाळीस. त्यातून काहींना झोपेत दात खाण्याची खोड असते; जागेपणी आपण जितका जोर कधी लावणार नाही तितका तेव्हा लागतो. चाळिशीनंतर ही तक्रार अधिक दिसते ती त्यामुळेच. खालच्या मागल्या दाढांना ती विशेष गाठते. ज्या दाढेत पूर्वी मोठे भरण, म्हणजे सिमेंट किंवा चांदी, भरलेले असते तिला धोका अधिक. कारण भरण्यासाठी मध्ये चर खणल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींपासून सुट्या झालेल्या असतात. घराची मधली तुळई काढल्यावर भिंतींचे जे होते तेच.

यात सवयींचाही भाग आहे. अडकित्ता घरात असता अख्खी सुपारी दाढेखाली फोडणारे, मटणाची नळी चावणारे, सरबतातला बर्फ कडाकडा फोडणारे आपल्यात थोडे नाहीत. कामाच्या जागीही दात हे हत्यार होते. वायरमन वायरीचे आवरण दातांनी सोलतो, सुतार खिळे दातांत धरतो. पक्कड विसरली म्हणून दात वापरला, असे मला पुष्कळांनी हसत सांगितले आहे. पक्कड मोडली तर स्टोअरमधून दुसरी मिळते.

आता त्या विचित्र कळेचे कारण. डेंटिन भरीव दिसतो, पण तो अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेला आहे. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या हजारोंनी असतात आणि त्यांत द्रव असतो. चावताना भेगेच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात. सोडताना झटकन मिटतात. त्यासरशी नळ्यांतला द्रव हालतो आणि आतल्या मज्जातंतूंना धक्का देतो. दातातली तीव्र कळ या द्रवाच्या हालचालीने येते, हा विचार १९६० च्या दशकात स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी प्रयोगांनी पुढे मांडला. दाब सोडताना होणारी वेदना ही तडा गेलेल्या दाढेची जुनी ओळख आहे. अमेरिकेतील कॅमेरॉन नावाच्या दंतवैद्याने १९६४ साली या लक्षणसमूहाला "तडकलेल्या दाताचा विकार" अशा अर्थाचे नाव दिले. तेव्हापासून तो पाठ्यपुस्तकांत आला.

दुखते ती दाढ रोग्याला दाखवता येत नाही याचेही कारण आहे. दाताच्या गाभ्यातले तंतू "दुखते" एवढेच कळवतात, "कोठे" ते कळवीत नाहीत. जागेची जाणीव मुळाभोवतीच्या ज्या तंतुमय पडद्याने दात जबड्यात टांगलेला असतो, त्या पडद्यात आहे. सूज तेथवर पोचेपर्यंत माणूस वर की खाली याबद्दलसुद्धा चुकतो. आमच्या मोल्डरने वरची दाढ दाखवली यात त्याचा दोष नव्हता. ज्याने ती तपासणी न करता काढली, त्याचा मात्र होता असे माझे मत आहे.

आणि क्ष-किरण? एखादे मिटलेले पुस्तक कव्हराकडून पाहिले तर दोन पानांमधली फट दिसत नाही. कडेने पाहिले तरच दिसते. दाढेतला तडा बहुधा पुढून मागे गेलेला असतो आणि किरण गालाकडून जिभेकडे जातात. म्हणजे आपण कव्हराकडूनच पाहत असतो. म्हणून चित्र स्वच्छ आले तरी तडा नाही असे ठरत नाही. हे ज्या रोग्याला ठाऊक असेल तो "फोटोत काही नाही" एवढ्यावर घरी परतणार नाही, "आणखी कशाने तपासता येईल?" असे विचारील.

तपासणीच्या रीती तशा साध्या आहेत. लाकडाची किंवा प्लास्टिकची छोटी काडी दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून रोग्याला चावावयास आणि सोडावयास सांगतात. ज्या उंचवट्यावर कळ उठते तेथे संशय. दाढेच्या एका बाजूने तेजस्वी प्रकाश लावला तर चांगल्या दातात तो पलीकडे पसरतो. तडा असेल तर त्याच्यापाशी अडतो आणि पलीकडचा भाग काळोखा राहतो. निळा रंग लावून पुसला तर भेगेत रेघ उरते. जुने भरण असेल तर ते काढून तळ भिंगाखाली पाहतात. हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक सळई घालून खोली मोजतात. एकाच अरुंद जागी सळई एकदम खोल गेली तर तडा मुळापर्यंत उतरल्याची ती वाईट खूण.

कारण सगळे तडे सारखे नाहीत. पहिला प्रकार नुसत्या इनॅमलमधल्या रेघांचा. तिशी-चाळिशी उलटलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या दातांत त्या असतात. जुन्या चिनी मातीच्या बशीवर असतात तशा. त्यांना काहीही करावयाचे नसते. दुसरा, एखादा उंचवटा तुटण्याचा. हा पुष्कळदा सोपा असतो. तिसरा म्हणजे वरून निघून खाली मुळाकडे जाणारा, पण दाताचे अजून दोन तुकडे न झालेला तडा. आपला विषय मुख्यतः हा. चौथा, दात पुरता दुभंगलेला. पाचवा, मुळातच उभा पडलेला तडा; हा बहुतेक पूर्वी रूट कॅनाल झालेल्या दातांत सापडतो. शेवटच्या दोहोंत दात बहुधा काढावाच लागतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाण्यास कधी वर्षे लागतात, कधी एक फुटाणा पुरतो. जे काही वाचवावयाचे ते या मधल्या काळात.

येथे कारखान्यातला मनुष्य एक शंका काढील. पत्र्याला तडा गेला तर फिटर त्याच्या टोकाशी एक भोक पाडतो. तडा भोकात येऊन थांबतो. दाढेत असे का करू नये? कारण तड्याचे टोक कोठे आहे हेच नक्की दिसत नाही, आणि खाली जिवंत गाभा आहे. चिकटवून टाकावा म्हटले, तर तोंडातल्या ओलाव्यात, केसाहून बारीक भेगेत शेवटपर्यंत डिंक पोचवण्याची खात्रीची रीत नाही. मग उरते ती जुनी सुताराची आणि लोहाराची रीत.

बैलगाडीचे चाक आठवा. लाकडी घेराचे तुकडे, आरे आणि तुंबा हे सगळे नुसते एकमेकांत बसवलेले. भार पडला की ते फाकणारच. त्याला धरून ठेवते ती बाहेरची लोखंडी धाव. दाताची टोपी, ज्याला दवाखान्यात सगळे कॅप म्हणतात आणि पुस्तकांत दंतमुकुट, ती दाताची धाव आहे. ती तडा जोडीत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना सर्व अंगांनी कवटाळून ठेवते आणि वरून येणारा भार एका भिंतीवर न पडू देता साऱ्या दातावर वाटून देते. दृष्टांत पुरता जुळत नाही हेही सांगितले पाहिजे. लोहार धाव तापवून चढवतो आणि पाणी मारून ती आवळून घेतो. टोपी दाताला तशी आवळीत नाही. ती सिमेंटने बसलेली असते आणि फाकू देत नाही, इतकेच तिचे काम.

शहाणा दंतवैद्य पहिल्याच दिवशी टोपी घालावयास धावत नाही. दाढेवर पडणारा दाब कमी करून, तिच्याभोवती पोलादाची एक पातळ पट्टी बसवून काही आठवडे तो वाट पाहतो. पट्टीने कळ थांबली तर निदान खरे ठरले आणि आतला गाभा सावरण्याच्या स्थितीत आहे असे कळले. उलट रात्री आपोआप ठणका लागत असेल, थंड-गरमाने उठलेली वेदना पुष्कळ वेळ टिकत असेल, तर गाभा कायमचा बिघडला. मग आधी रूट कॅनाल करून मागाहून टोपी. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गाभा सावरेल अशा समजुतीने टोपी घातलेल्या १२७ तडकलेल्या दातांपैकी २७ दातांना सहा महिन्यांच्या आत रूट कॅनाल करावे लागले. म्हणजे पाचांतील चार टिकून राहिले, एकाला पुढचा उपचार लागला. "टोपी घातली तरी पुन्हा रूट कॅनाल सांगितले, फसवले" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो. चांगल्या हातूनही असे होते. मात्र ही शक्यता रोग्याला आधी सांगितली पाहिजे. न सांगितल्यानेच निम्मी भांडणे होतात.

टोपी घालावयाची तर दात कमी करावा लागतो, नाहीतर ती शेजारच्या दातांहून उंच होईल. दाढ बधिर करून वरून सुमारे दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर तासतात. ऐकावयास हे थोडे वाटते; पण दाताचे दिसणारे डोके केवढे असते? हिशोब केला तर त्यातला निम्म्याहून अधिक भाग जातो, आणि तो परत येत नाही. म्हणून जेथे नुसता एक उंचवटा झाकून भागते तेथे पुरी टोपी घालू नये असेही तज्ज्ञ सांगतात. तासताना भिंती वर किंचित निमुळत्या ठेवतात. आमच्या मोल्डरला मी हे सांगितले तेव्हा तो चटकन म्हणाला, "म्हणजे पॅटर्नला ड्राफ्ट ठेवतात तसं." अगदी तसेच. ड्राफ्ट फार झाला तर टोपी निघून येते. अजिबात नसला तर बसतच नाही.

मग दाताचे माप. पूर्वी रबरासारख्या लगद्यात दात दाबून साचा घेत. अजूनही पुष्कळ ठिकाणी घेतात. आता तोंडात छोटा कॅमेरा फिरवून मोजमाप थेट संगणकात उतरवण्याची सोयही झाली आहे. टोपी तयार होईपर्यंत प्लास्टिकची तात्पुरती टोपी बसवतात; ती कच्ची असते, तिच्यावर सुपारी फोडू नये.

खरी टोपी दंतवैद्य बहुधा स्वतः करीत नाही. ती प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ करतो. धातूची असेल तर साच्यावर मेणाची टोपी घडवावयाची, ती मातीसारख्या लेपात पुरावयाची, भट्टीत मेण जाळून टाकावयाचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडावयाचा. मेण घालवून मूर्ती ओतण्याची ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. बस्तरचे कारागीर आजही ती करतात. अमेरिकेतील विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली दातातल्या सोन्याच्या भरणासाठी ती वापरून दाखवली आणि दंतवैद्यकात तिचा प्रसार झाला. चिनी मातीची पांढरी टोपी त्याआधी डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर भाजून तयार केली. एकट्याने अटलांटिक महासागर विमानाने न थांबता ओलांडणारा लिंडबर्ग हा त्यांच्या मुलीचा मुलगा. १९६० च्या दशकात धातूच्या पायावर चिनी माती भाजून चिकटवण्याची रीत रुळली. धातूचे बळ आणि दाताचा रंग दोन्ही साधले.

अलीकडे झिर्कोनियाच्या टोप्यांचा बोलबाला आहे. या पदार्थाचा खडूसारखा ठोकळा यंत्रावर कोरतात आणि मग सुमारे पंधराशे अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत भाजतात. भाजताना तो सुमारे एकपंचमांशाने आक्रसतो, म्हणून कोरताना मुद्दाम मोठा कोरतात. पॅटर्नमेकर आकसण्यासाठी सूट ठेवतो तीच ही सूट. फक्त ती संगणक मोजतो.

या तंत्रज्ञांबद्दल दोन शब्द मध्येच बोलतो, कारण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. रोगी त्यांना पाहत नाही, ते रोग्याला पाहत नाहीत. पण आपल्या तोंडातली कड हिरडीपाशी नीट जुळली की नाही हे निम्मे त्यांच्या बोटांवर अवलंबून असते. घासकाम आणि लेप फोडण्याचे काम करताना वाळूची आणि धातूची बारीक धूळ उडते. ती ओढून घेणारे यंत्र नसेल तर ती फुप्फुसात जाते. ओतशाळेतल्या माणसाला होतो तोच सिलिकोसिस दातांच्या प्रयोगशाळेतल्या माणसालाही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. छोट्या खोलीत चार-पाच माणसे काम करतात. संघटना कसली आणि तपासणी कसली! असो.

टोपी बसवताना रंगीत कागद चावावयास देऊन ती कोठे उंच लागते ते पाहतात आणि मग सिमेंटने पक्की करतात. नीट बसलेली आणि नीट घासलेली टोपी दहा-पंधरा वर्षे, पुष्कळदा त्याहूनही अधिक टिकते. टोपीला कीड लागत नाही; पण तिची कड जेथे संपते तेथे दात उघडा असतो आणि कीड तेथून आत शिरते. म्हणून कॅप घातली म्हणजे ब्रश सुटला, असे नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या दाढेचे रूट कॅनाल झाले आहे तिच्याबद्दल आमच्या वस्तीत एक समजूत घट्ट आहे: दुखणे थांबले, काम संपले. डॉक्टर सांगतो, "आता टोपी घालू." माणूस मान हलवतो आणि पुन्हा येत नाही. त्याचे दुखणे गेलेले असते. टोपीला काही हजार रुपये लागणार असतात. आणि पुढच्या प्रत्येक फेरीला एक खाडा पडणार असतो. मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. त्याचा हिशोब त्या दिवसापुरता बरोबर असतो. परंतु रूट कॅनालसाठी दाढेचे छप्पर उघडलेले असते, भिंती सुट्या झालेल्या असतात, आणि वर निव्वळ भरण. अमेरिकेतील आयोवा येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली नोंदी तपासून दाखवले की, रूट कॅनालनंतर टोपी न घातलेले दात टोपी घातलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले गेले. म्हणजे रूट कॅनालचे पैसे, ते सोसलेले दिवस, सगळे पाण्यात. आणि शेवटी दात काढावाच लागतो.

दाढ काढणे एका बैठकीत होते आणि स्वस्त असते, म्हणून गरीब माणूस काढतो. काढल्यावर शेजारची दाढ त्या रिकाम्या जागेकडे कलते, समोरची लांब होऊन उतरते, घास दुसऱ्या बाजूने चावला जातो आणि त्या बाजूच्या दाढांवर दुप्पट भार येतो. नव्या तड्याची तयारी सुरू झाली. त्या जागी पुढे कृत्रिम दात रोवून घ्यावयाचा म्हटला तर टोपीहून कितीतरी अधिक खर्च. सरकारी आणि नगरपालिकांच्या दंतमहाविद्यालयांत हीच कामे पुष्कळ कमी पैशात होतात. मुंबईचे नायर दंतमहाविद्यालय १९३३ पासून चालू आहे. तेथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. काम चांगले होते, पण फेऱ्या जास्त. म्हणजे पैशात वाचले ते खाड्यात गेले. या कोड्याला आम्ही एका कारखान्यात एक छोटी वाट काढली. करारात इतर कलमांबरोबर एक कलम घातले की, दातांच्या उपचाराचा कागद दाखवल्यास महिन्यातून एकदा अर्धा दिवस भरपगारी मिळावा. व्यवस्थापनाचे अधिकारी वाटाघाटीत हसले; पण देऊन टाकले, कारण त्यांना ते फुकटचे वाटले. पहिल्या वर्षी फार थोड्यांनी त्याचा उपयोग केला. नंतर लोक जाऊ लागले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण या सभागृहात बसलेल्यांना तिचाच अनुभव अधिक येण्याचा संभव आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला प्रत्येक रेघेवर टोपी सुचवणारेही भेटतात. पडद्यावर दाताचे मोठे चित्र दाखवतात. त्यात इनॅमलची साधी रेघ नदीएवढी दिसते आणि माणूस घाबरतो. अशा वेळी विचारावे: चावताना कळ येते का? काडीच्या परीक्षेत कोणता उंचवटा दुखला? प्रकाश अडतो का? दातात मोठे भरण आहे का? यांतले काहीच नसेल तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेण्यात संकोच कसला? चांगला दंतवैद्य त्याने रागावत नाही.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न झाले. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "टोपी घातल्यावर मला सुपारी खाता येईल का?" मी म्हणालो, "अडकित्त्याने कातरून खाल्लेली सुपारीसुद्धा तोंडाला घातकच आहे. तिने कर्करोग होतो हे आता सिद्ध झाले आहे. पण केवळ दाढेचे विचारीत असाल, तर अख्खी फोडू नका, टोपीखालीही नाही आणि शेजारच्या दाढेखालीही नाही." मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले की, त्यांच्या यजमानांना सहा महिन्यांपासून शेंगदाणा चावताना अधूनमधून कळ येते, पण आठवडाभर काही झाले नाही, तर थांबावे का? मी त्यांना दाब सोडताना दुखते का, ते विचारावयास सांगितले. यजमान शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी जाऊन काडीची परीक्षा करून घ्या, आणि तोवर त्या बाजूने चावू नका, एवढे मी त्यांना सांगू शकलो.